औषधाचं तूप

“देशकर जी! हाथ ऊपर!”

रविवारची सकाळ, बडा फुहाऱ्याची गर्दी, आणि हा आवाज. आवाज असा, की अर्धी वर गेलेली दुकानांची शटरं तिथेच थबकली, तारेवरची कबुतरं उडाली ती थेट नर्मदा ओलांडूनच बसली, आणि मी, पन्नाशीला टेकलेला, सरकारी फॅक्टरीचं स्टोअर सांभाळणारा, एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा बाप, भर चौकात दोन्ही हात वर करून उभा राहिलो.

“मैंने देख लिया! भाभी जी को सब बताऊँगा! डॉक्टर ने मना किया है, और ये आदमी जलेबी पर खड़ा है!”

ओरडत होते आमच्या खालच्या मजल्यावरचे दुबे जी. त्यांनी स्कूटर रस्त्याच्या मधोमध थांबवली होती आणि मागे हॉर्नची बारात लागली तरी ते हलायला तयार नव्हते. माझ्यासमोर कढई होती. कढईत खोव्याची, म्हणजे खव्याची, जिलेबी होती. आमच्या जबलपूरची ही जिलेबी तुमच्या पुण्याकडच्या नाजूक, पिवळ्या, कुरकुरीत जिलेबीची कोणी लागत नाही. ही काळपट तांबडी, मनगटाएवढी जाड, आतून ओली. एक खाल्ली की माणूस खुर्ची शोधतो, दोन खाल्ल्या की पलंग, आणि तिसरी खाऊन घरी चालत गेलेला इसम मला अजून भेटायचा आहे.

पण माझे वर केलेले हात रिकामे होते. बोटं कोरडी, मिशी कोरडी, खिशात पुडा नाही.

“दुबे जी,” मी म्हणालो, “मैं सिर्फ़ सूँघ रहा था.”

सगळा चौक हसला. कढईमागचे म्हातारे हलवाईसुद्धा हसले. त्यांना तर पक्कं ठाऊक होतं की हा माणूस तीन रविवार झाले येतो, पाव तास उभा राहतो, छाती भरून श्वास घेतो आणि निघून जातो. पण ते काही बोलले नाहीत. गिऱ्हाईक नसलेल्या माणसाची साक्ष कोण देतो?

परवा भाजीवाल्याच्या टोपलीत हंगामातला पहिला मटार दिसला आणि ती सगळी सकाळ, तो सगळा हिवाळा, कढईच्या वाफेसकट माझ्या नाकात परत शिरला. आमच्याकडे हिवाळा कॅलेंडर बघून येत नाही. तो शहापुरा, पाटण अशा आसपासच्या गावांकडून ट्रॉलीत बसून येतो. एक दिवस सकाळी उठावं तर सगळं शहर हिरवं. हातगाड्यांवर मटार, सायकलींच्या कॅरिअरवर मटार, शिंप्याच्या मशीनखाली मटार. आमच्या दीक्षितपुऱ्याच्या गच्च्यांवर बायका उन्हाकडे पाठ करून बसतात आणि सोलायला लागतात, आणि टपटप दाणे पडल्याचा आवाज एवढा होतो की नवीन पाहुण्याला वाटतं, पाऊस आला. एका वर्षी गल्लीतली एक गाय नुसत्या सालींवर इतकी गुबगुबीत झाली की कमानिया गेटातून जाताना अडकली. पुढून चार, मागून सहा माणसांनी ढकलून काढली. मी स्वतः पाहिलं. म्हणजे दुबे जींनी पाहिलं, आणि ते सांगत असताना मी दुबे जींना पाहिलं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की माझं हे असं आहे. मी खोटं बोलत नाही, मी गोष्टीला थोडं खायला घालतो. कॉलेजात असताना मी भेडाघाटला धुआँधारच्या धबधब्यावर खालून वर पोहत चढलो होतो, ही हकीकत मी फॅक्टरीत इतक्यांदा सांगितली आहे की आता हवा बदलली की माझे खांदे दुखतात. माझी बायको सुमन वर्ध्याची. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिनं ती हकीकत डोळे मोठे करून ऐकली. दुसऱ्या महिन्यात आम्ही भेडाघाटला गेलो, तिनं धबधबा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाक्याला ती मनातल्या मनात चारानं भागते.

आणि त्या हिवाळ्यात नेमकी गरज पडली ती हिनं माझ्या एका वाक्यावर, न भागता, विश्वास ठेवायची.

झालं असं. फॅक्टरीत सगळ्यांची तपासणी झाली आणि माझ्या रक्ताचा कागद आला. कोलेस्टेरॉल. त्यातही वाईट जातीचं जास्त, चांगल्या जातीचं कमी. आकडा बघून लॅबवाल्यानं मला बसायला खुर्ची दिली, यावरून काय ते समजा. मला स्वतःला काहीच होत नव्हतं. हाच तर त्या रोगाचा पाजीपणा. दुखत नाही, खुपत नाही, खोकला नाही, ताप नाही. आतल्या आत, नळीच्या भिंतीला साय धरल्यासारखं धरत जातं आणि वरून माणूस हसत असतो.

डॉक्टर मॅडम बारीक चणीच्या, आवाज मात्र हेडमास्तरांचा. म्हणाल्या, “गोली लिख दूँ?”

“हाव, लिहून द्या,” सुमन मी तोंड उघडायच्या आत म्हणाली. “आजपासूनच द्या.”

“अगं थांब ना,” मी म्हणालो. “मॅडम, गोली के बिना नहीं उतरेगा क्या? खाने-पीने से?”

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “तीन महीने देती हूँ. घी, मक्खन, मलाई, मिठाई, तला हुआ, सब बंद. जई का दलिया खाइए, इसबगोल लीजिए, अलसी दो चम्मच रोज़, मेथीदाना, चना, मटर, जितनी सब्ज़ी हो सके. और पैदल चलिए. लहसुन से चमत्कार नहीं होगा, पर खाना हो तो खाइए. तीन महीने बाद ख़ून देखूँगी. नहीं उतरा तो गोली. और तब बहस नहीं.”

बाहेर आल्यावर सुमननं हात करून रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर बोलली. “भाऊजींनीही असंच म्हटलं होतं.”

भाऊजी म्हणजे माझे थोरले दादा. नागपूरला होते. त्यांनाही हाच आजार, हाच आकडा, घराण्यातच वाहत आलेला. त्यांनाही डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती आणि त्यांनीही म्हटलं होतं, बघू, आधी खाण्यानं उतरवतो. त्या हिवाळ्याच्या तीन वर्षं आधी, अशाच मटारच्या दिवसांत, ऑफिसात खुर्चीवरून उठता उठता गेले. हॉस्पिटलात त्यांचे कपडे सुमनच्या हातात दिले होते. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेली चिठ्ठी निघाली. त्याच गोळीची. घड्यांवर कागद फाटायला आला होता, इतके दिवस ती खिशाखिशातून फिरली होती, पण औषधाच्या दुकानात एकदाही गेली नव्हती. वहिनींना दाखवायची सुमनची हिंमत झाली नाही. ती चिठ्ठी अजून आमच्या कपाटात आहे.

म्हणून रिक्षात तिनं मला बजावलं, “तीन महिने. मी सांगीन ते खायचं, न सांगीन ते नाही. आणि एक गोष्ट. खाल्लं तर खाल्लं म्हणून सांगा. या बाबतीत मले गोष्टी नका सांगू.”

“नाही सांगणार.”

“धुआँधारची शपथ नका खाऊ, साधी खा.”

मी साधी खाल्ली.

आणि काय सांगू तुम्हाला, मी उजळून निघालो! माणूस पन्नास वर्षं मनाला येईल तसं जगतो आणि एक दिवस त्याला एक खरं काम मिळतं. मी सकाळी सहाला उठून चालायला लागलो. दीक्षितपुऱ्यातून निघून कमानिया गेट, तिथून फुहारा, एक मोठा वळसा आणि परत. धुक्यात माझी पावलं अशी वाजायची की दूधवाले बाजूला व्हायचे. सकाळी इसबगोल. इसबगोल पिण्यात एक शर्यत असते, ती ज्याला माहीत नाही त्यानं घेऊ नये. ग्लासात टाकल्यापासून तो घोटेपर्यंत जर कोणी दारावरची बेल वाजवली, तर परत येईपर्यंत ग्लासात चमचा उभा राहतो. एकदा मी गॅसवाल्याशी दोन मिनिटं बोललो आणि परत आलो तर ग्लास उलटा केला तरी काही पडेना. मग जईचा, म्हणजे ओट्सचा, दलिया. हा दलिया पहिल्या दिवशी खाताना मला छावणीतले घोडे आठवले आणि दहाव्या दिवशी घोड्यांबद्दल आदर वाटायला लागला. दुपारी हरभऱ्याची नाहीतर मटारची उसळ, संध्याकाळी मटार, मधल्या वेळी उकडलेले मटार मीठ लावून. आमची मुलगी ऋचा हिनं भिंतीवर तक्ता लावला होता आणि रोज त्यात खूण करायची. तिचं मराठी ऐकण्यापुरतं, बोलणं सगळं हिंदीत. “बाबा, आज फिर से पूरा दिन ईमानदार! मम्मी, ये अपने ही बाबा हैं ना?”

पण पहिल्याच आठवड्यात माझं तोंड आलं. जिभेवर, गालात आतून, सगळीकडे फोड. पाणी प्यायलो तरी डोळ्यांत पाणी. सुमननं वर्ध्याला आईला फोन लावला. सासूबाईंचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही, टेबलावर ठेवला तरी शेजारच्यांना उपदेश मिळतो.

“काय काय देऊन राहिली तू त्यांले?”

“जवसाची चटणी, आई. दोन चमचे. अन् मेथ्या भिजवून. अन् लसणाच्या चार पाकळ्या.”

“अवं माय! जवस उष्ण. मेथी उष्ण. लसूण त्याच्याहून उष्ण. तीन-तीन उष्ण वस्तू एका माणसाच्या पोटात! जावयाले भाजून राहिली का तू? उतारा दे त्याले, उतारा. काही उष्ण दिलं की वर तुपाची धार पाहिजेच. हे काय मले सांगाव लागते?”

आमच्याकडची ही मांडणी तुम्हाला ठाऊक असेलच. जगातल्या सगळ्या वस्तू दोन जातींच्या, उष्ण आणि थंड, आणि बाईमाणसाचं अर्धं आयुष्य त्यांची भांडणं सोडवण्यात जातं. जवसाच्या चटणीच्या मधोमध बोटानं खड्डा करायचा आणि त्यात काहीतरी ओतायचं, हे तर आमच्या वऱ्हाडी रक्तातच आहे. कोरडी चटणी आमच्यात फक्त दुष्मनाला वाढतात. एरवी खड्ड्यात तेल पडतं. आता पडलं लोणकढं तूप.

सुमननं त्यासाठी स्टीलची एक छोटी डबी केली. तुपाचा मोठा डबा तर पहिल्याच दिवशी वरच्या फळीवर गेला होता. पोळीवर तूप बंद, भातावर बंद, वरणावर बंद. त्याबाबतीत ती फॅक्टरीच्या गेटवरच्या शिपायाहून कडक होती. पण ही डबी वेगळी. ती स्वयंपाकघरात नव्हतीच. ती औषधांच्या खणात, थर्मामीटरच्या शेजारी. दुपारी चटणीच्या खड्ड्यात एक पळी. रात्रीच्या जेवणात एक पळी. सकाळी मेथ्यांवर अर्धी. लसूण परतायला थोडं, कारण कच्चा लसूण म्हणजे निखारा. हातानं, मोजून, कपाळाला आठी घालून, जसं लहान मुलाला औषध पाजतात तसं.

तोंड तीन दिवसांत बरं झालं.

“का गं,” मी एकदा घास तोंडात घोळवत विचारलं, “मॅडमनी तूप बंद सांगितलं होतं ना?”

“ते खायचं तूप,” सुमन म्हणाली. “हे औषधाचं.”

मला शंका आली नाही असं मी म्हणणार नाही. आली. दाराशी येऊन उभी राहिली. पण गरम भाकरी, वर खरपूस जवसाची चटणी, तिच्या मधोमध वितळलेलं सोनं, आणि शंका म्हणते मला आत येऊ दे. मी शंकेला म्हटलं, बाई, जरा ओसरीवर बस, माझं जेवण होऊ दे. ती अजून बसली असेल.

सांगायचा मुद्दा, मी शपथ मोडली नाही. सुमन वाढेल ते खाल्लं, न वाढेल ते नाही. फॅक्टरीत एकाच्या पोराला नोकरी लागली, पेढे वाटले, मी डबा पुढे ढकलला. लग्नाच्या एका पंगतीत मी काकडी खाऊन उठलो. आणि रविवारी तेवढं मी फुहाऱ्यावर उभा राहायचो. वासात कोलेस्टेरॉल नसतं. डोळे मिटून घेतलं की खोवा तळल्याचा तो जाड, गोड, थोडा जळकट वास आत उतरायचा आणि मला दादा आठवायचे. लहानपणी आम्हा दोघांना मिळून एक जिलेबी मिळायची. दादा ती मधोमध मोडायचे आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवून म्हणायचे, “हा छोटा आहे, हा तू घे.” गोष्टीला खायला घालण्याची आमच्या घरातली सुरुवात तिथूनच झाली, मला वाटतं.

त्या रविवारी मी घरी पोचायच्या आधी स्कूटर पोचली होती. जिन्यात दुबे जी उभे, चेहऱ्यावर राष्ट्रीय कर्तव्य. वर सुमन. तिनं माझी बोटं हातात घेतली, उलटी केली, नाकाशी नेली. मग मिशी.

“खाल्ली?”

“नाही.”

“खरं?”

“वास घेत होतो.”

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. चारानं भागावं की नाही, असा तो विचार चालला होता, मला दिसत होतं. मागून ऋचा म्हणाली, “मम्मी, बाबा झूठ बोलते हैं तो हाथ हिलाते हैं. अभी नहीं हिला रहे.” सुमन वळली आणि आत जाता जाता म्हणाली, “पाहू. रिपोर्टच सांगेल.”

आणि तिथून तो रिपोर्ट माझ्या रक्ताचा राहिलाच नाही. तो माझ्या शब्दाचा झाला. आकडा उतरला, तर देशकर खरं बोलतो हे दीक्षितपुऱ्यात, वर्ध्यात, आणि मुख्य म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात सिद्ध होणार होतं. मी असा काही चालायला लागलो की बुटांचे तळवे गेले. मटार असे खाल्ले की शिंकलो तर हिरवं येईल अशी भीती वाटायची. संक्रांत आली, तिळाचा एक दाणा जिभेवर ठेवला आणि गोड बोललो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एक गोष्ट होती जिला काही खायला घालायची गरज नव्हती, आणि या आनंदानं मला रात्री झोप येईना.

तीन महिने भरले. मटार निबर व्हायला लागला होता, ट्रॉल्या कमी झाल्या होत्या. लॅबच्या खिडकीतून कागद बाहेर आला आणि आम्ही दोघांनी एकदमच वाचला.

आकडा होता तिथेच होता. नाही, खरं सांगतो. होता तिथून थोडा वर.

सुमन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. कागदाची घडी घातली. मग आणखी एक, आणि आणखी एक. मग तिच्या लक्षात आलं की आपण चार घड्या घालतोय, आणि तिनं तो घाईघाईनं उलगडला.

“जिलेबी,” ती म्हणाली.

“नाही गं.”

“दुबे जींनी पाहिलं.”

“वास घेत होतो मी.”

“हाव. धुआँधार चढले होते, तसेच.”

मॅडमच्या खोलीत जाईपर्यंत मी बोललो नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि माझ्यासारख्या माणसाला हे होणं म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या.

मॅडमनी कागद बघितला, मला बघितलं, वजनकाट्यावर उभं केलं, परत कागद बघितला. “वज़न भी बढ़ा है. क्या खाते हैं, बताइए. एक-एक चीज़.”

सुमननं सांगायला सुरुवात केली, ताठ बसून, हिंदीत, परीक्षेतल्या हुशार मुलीसारखी. तळण बंद. मिठाई बंद. चहात साय नाही. जई, इसबगोल, मटर, चना. मॅडम मान हलवत होत्या.

“अलसी?”

“रोज़. दोनों टाइम. चटनी बनाती हूँ.”

“बढ़िया. रोटी के साथ, सूखी?”

“सूखी कैसे?” सुमनला नवल वाटलं. “गड्ढा करके.”

“गड्ढा?”

“चटनी में गड्ढा करते हैं ना. गड्ढे में घी डालते हैं. अलसी गरम होती है, मैडम. मेथी भी. बिना घी के तो मुँह आ जाता है.”

मॅडमचं पेन थांबलं. “कितना घी?”

सुमननं पळीची खूण केली. मग हात तसाच हवेत राहिला. मी बघत होतो. मोजणी तिच्या डोळ्यांत चालू झाली होती. दुपारची पळी. संध्याकाळची. मेथ्यांवरची. लसणाची. दररोज. तीन महिने. ती डबी, थर्मामीटरच्या शेजारची. तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मला तो कपाटातला कागदच दिसला, चार घड्यांचा.

बघा, मी जिंकलो होतो! माझा शब्द खरा ठरला होता, डॉक्टरांसमोर, पुराव्यासकट. आणखी एक मिनिट मी नुसता गप्प बसलो असतो, तर आयुष्यभर या बाईनं मला कशानंही भागलं नसतं. धबधबासुद्धा मी एखादवेळेस पटवून दिला असता.

“घी-वी का बहाना है, मैडम,” मी म्हणालो. “मैंने जलेबी खाई है.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “कितनी?”

“बहुत. खोये वाली. हर इतवार. दुबे जी गवाह हैं.” मी हात हलवायला लागलो होतो, दोन्ही. “एक बार तो आधा किलो. हलवाई ने हाथ जोड़ लिए कि भाई साहब, बस करो, बाक़ी शहर को भी खाना है.”

मग मॅडमनी मला जे झापलं ते मी इथे लिहीत नाही. पण झापून झाल्यावर त्या जरा नरम झाल्या. म्हणाल्या, घी भी बंद, जलेबी भी बंद, खाना बाक़ी सब यही रखिए, अच्छा है; मगर आपके ख़ानदान में ये चीज़ खून से आई है, सिर्फ़ खाने से पूरा नहीं उतरता. गोली आज से. आणि चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी मी खिशात ठेवणार, तेवढ्यात सुमननं हातातून घेतली आणि आम्ही रस्ता ओलांडून सरळ औषधाच्या दुकानात गेलो. एकही घडी न घालता.

आज इतकी वर्षं ती गोळी मी घेतो. जवसही खातो, दह्यात कालवून. जगात दही नावाची थंड वस्तू आहे हे आमच्या आधी कोणाच्या लक्षात का आलं नाही, देव जाणे. आकडा उतरला, असा उतरला की लॅबवाल्यानं मशीन दुरुस्तीला पाठवलं. सासूबाईंना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. आणि फुहाऱ्यावर मी अजूनही जातो, मटारचे दिवस आले की एकदा तरी. हलवायाचा मुलगा आता कढईवर बसतो, त्याचेही केस पिकले आहेत. मी उभा राहतो, श्वास घेतो, निघतो.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं.

घरी आलो. सुमननं औषधांच्या खणातली डबी काढली, धुतली, पुसली आणि पालथी घातली. मग मटारची शेवटची टोपली घेऊन गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो. ऊन मऊ होतं, खाली गल्लीत कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या, गच्चीभर सालींचा हिरवा, कच्चा वास. ती सोलत होती. निबर शेंगा, फोडताना कट् आवाज करणाऱ्या. जेवण झालं होतं. गोळी माझ्या हातात होती, पांढरी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

मला राहवेना. मी बोलायला लागलो. म्हटलं, “सुमन, मी तुला फसवलं गं. काय सांगू, त्या जिलेबीनं मला हाका मारल्या. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी चार. पुढे पुढे तर मी तिथेच स्टूल टाकून बसायचो. पाकात मिशा बुडायच्या, म्हणून येताना फुहाऱ्याच्या नळावर धुवायचो. एकदा तर कढईतच...”

ती सोलत राहिली. दाणे टोपल्यात पडत राहिले. मी कढईपर्यंत पोचलो होतो आणि आता कढईतून बाहेर कसं यावं, ते सुचत नव्हतं.

सुमननं साल बाजूला टाकली, पुढची शेंग उचलली आणि वर न बघता म्हणाली,

“वासच घेत होते तुम्ही. गोळी घ्या.”